खासगी पार्किंगचा सीसीजे आणि अपंग चालक: निकाल रद्द करून घ्यायचा तर (इंग्लंड-वेल्स)

टेम्सकाठी

हा प्रश्न दर वेळी वेगळ्याच धाग्यात निघतो आणि उत्तरं चार ठिकाणी विखुरतात, म्हणून एकच धागा काढतो. सुपरमार्केट, रिटेल पार्क किंवा हॉस्पिटलच्या आवारात खासगी कंपनीने अपंग व्यक्तीच्या गाडीवर चार्ज लावला. पत्रं जुन्या पत्त्यावर गेली किंवा 'घोटाळा असेल' म्हणून कोणी उघडली नाहीत. एक दिवस मॉर्गेजवाला सांगतो, तुमच्यावर काउंटी कोर्टाचा निकाल (सीसीजे) आहे. आता काय?

फॉर्म डाउनलोड करण्याआधी हातात कसला निकाल आहे ते पाहा. त्यावर पुढचं सगळं ठरतं.

१) दाव्याला उत्तरच गेलं नाही म्हणून लागलेला डिफॉल्ट निकाल. पार्किंगचे बहुतेक सीसीजे याच प्रकारचे. यासाठी सिव्हिल प्रोसीजर रूल्सचा (दिवाणी कोर्टाच्या नियमांचा) भाग १३, अर्जाचा फॉर्म एन२४४.

२) बचाव दाखल केला होता, पण सुनावणीला गेलात नाही आणि तुमच्या गैरहजेरीत निकाल झाला. इथे नियम २७.११. निकालाची नोटीस मिळाल्यापासून १४ दिवसांत अर्ज करायचा. गैरहजेरीचं योग्य कारण हवं आणि जिंकण्याची वाजवी शक्यताही. 'मी येत नाही, माझ्यामागे निकाल द्या' असं आधी कोर्टाला लेखी कळवलं असेल तर हे दार बंद.

३) सुनावणीला हजर राहून हरलात. आता फक्त अपील. फॉर्म एन१६४, २१ दिवस, आणि आधी परवानगी. न्यायाधीश कायद्यात चुकले किंवा प्रक्रियेत गंभीर गडबड झाली हे दाखवावं लागतं. तीच हकीकत पुन्हा नव्याने सांगायची सोय नाही.

खाली मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल बोलू. स्कॉटलंडची पद्धत पूर्ण वेगळी आहे, तिकडच्यांनी हे वापरू नये.

हाउन्स्लोकर

धागा कामाचा आहे, पण हिशेब कोणीतरी मांडायला हवा. मूळ चार्ज १००, त्यावर 'डेट रिकव्हरी'चे ७०, कोर्ट फी ३५, वकिलाचे ५०, वर ८ टक्के व्याज. म्हणजे २५५ च्या थोडं वर. एन२४४ ची फी मे २०२४ मध्येच ३०३ पौंड झाली होती. निकालापेक्षा फी जास्त! भरून मोकळं झालेलं बरं नाही का?

टेम्सकाठी

कधी कधी बरं, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. निकालाच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर नोंद कोर्टाच्या निकालांच्या रजिस्टरमधून काढून टाकतात. त्या महिन्यात असाल आणि बचाव लंगडा असेल, तर भरून टाका. पैसे पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा.

महिना उलटल्यावर भरलं तर नोंदीपुढे फक्त 'सॅटिस्फाइड' लागतं, नोंद सहा वर्षं तशीच राहते. लोक इथेच फसतात. आठ महिन्यांनी घाईघाईत पैसे भरतात आणि नोंद गेली असं समजतात. ती जात नाही, उलट वाटाघाटीची पत हातून जाते.

फी भरण्याआधी कोर्टाच्या फीच्या ईएक्स५० पत्रकात चालू आकडा बघा, बदलत असतो. आणि फी-माफीचा फॉर्म ईएक्स१६० विसरू नका. बचत कमी आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर फी पूर्ण किंवा अंशतः माफ होते, ऑनलाइन अर्ज केला की संदर्भ क्रमांक मिळतो, तो एन२४४ वर लिहायचा. पिप (अपंगांना मिळणारा सरकारी भत्ता) या हिशेबात उत्पन्न म्हणून धरत नाहीत, त्यामुळे 'आम्हाला बेनिफिट मिळतो म्हणजे माफी नाही' हा समज काढून टाका.

बेलिफच्या भीतीने झोप उडवून घेऊ नका. ६०० पौंडांखालचा निकाल हायकोर्टाच्या अंमलबजावणी अधिकाऱ्याकडे जात नाही, काउंटी कोर्टाचा बेलिफच येऊ शकतो. तोही फार तर वॉरंट काढल्यावर.

कलमबहाद्दर

भाग १३ मध्ये दोन नियम आहेत आणि दोन्ही मागायचे असतात. अर्ध्या लोकांचा अर्ज इथे कच्चा राहतो.

१३.२: कोर्टाने निकाल रद्द केलाच पाहिजे. निकाल चुकीने लागला असेल तर, म्हणजे उत्तराची मुदत संपण्याआधीच लागला असेल तर.

१३.३: कोर्ट रद्द करू शकतं. बचाव यशस्वी होण्याची खरी शक्यता असेल, किंवा दुसरं काही सबळ कारण असेल तर. अर्ज तत्परतेने केला का, हेही इथे पाहतात. शिवाय २०२३ च्या एफएक्सएफ विरुद्ध इंग्लिश कराटे फेडरेशन या अपील कोर्टाच्या निकालानंतर १३.३ च्या अर्जाला डेंटनची तीन टप्प्यांची कसोटीही लागते: चूक किती गंभीर, का झाली, आणि एकूण परिस्थितीत न्याय्य काय. 'मला माहीत नव्हतं' एवढं एक वाक्य पुरत नाही. कळलं कोणत्या तारखेला, त्यानंतर प्रत्येक आठवड्यात काय केलं, हे तारखांसह लिहा.

आता जुन्या पत्त्याचा मुद्दा. नियम ६.९ प्रमाणे दावा शेवटच्या ठाऊक पत्त्यावर पाठवता येतो. पण प्रतिवादी तिथे राहत नाही असं मानायला दावेदाराकडे कारण असेल, तर सध्याचा पत्ता शोधायला वाजवी पावलं उचलायची जबाबदारी ६.९(३) ने त्याच्यावर टाकली आहे. डीव्हीएलएकडून (गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून) एकदा पत्ता घेतला, वर्ष-दीड वर्ष एकाही पत्राला उत्तर नाही, कोणी 'इथे राहत नाही' लिहून पाकीट परत पाठवलं, आणि तरी त्याच पत्त्यावर दावा ठोकला, तर इथे बोट ठेवायचं. दावा नीट बजावलाच गेला नाही म्हटल्यावर उत्तराची मुदत सुरूच झाली नाही, मग १३.२ लागू. शिवाय नियम ७.५ प्रमाणे दाव्याचा फॉर्म निघाल्यापासून चार महिन्यांत बजवावा लागतो. ती मुदतही उलटली असेल तर निकाल रद्द करण्याबरोबर दावाच निकालात काढा, अशी मागणी मसुदा आदेशात (आपल्याला हवा तो आदेश लिहून अर्जाला जोडतो त्यात) करायची.

हा मुद्दा सगळे न्यायाधीश सारखाच उचलून धरतात असं नाही. म्हणून १३.२ पहिला, १३.३ पर्यायी.

नीरजा_एमके

आपल्या लोकांचं इथे ठरलेलं बिनसतं: भाड्याची घरं बदलत राहतात आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदलला की गाडीचाही बदलला असं धरून चालतात. व्ही५सी म्हणजे लॉगबुक वेगळं. त्याचा पत्ता वेगळा बदलायचा, ऑनलाइन आणि फुकट. न बदलल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, तो मुद्दा निराळाच. अर्ज करण्याआधी हे दुरुस्त करून घ्या, कारण सुनावणीत 'आता तरी बदललात का?' विचारतात.

आणि बारीक पण महत्त्वाचं: कीपरला (गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याला) पाठवायची पहिली नोटीस व्ही५सीवरच्या पत्त्यावर गेली तर ती कायद्याने चालते, तुम्ही तिथे राहत असा वा नसा. म्हणजे 'नोटीस मिळाली नाही' हा बचाव कच्चा, पण 'दावा बजावला गेला नाही' हा पक्का असू शकतो. लोक दोन्हीची खिचडी करतात.

पुरावा म्हणून काउन्सिल टॅक्सचं बिल, भाडेकरार, जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) पत्र जोडा, तारखा सलग असल्या पाहिजेत. कंपनीला आणि डीव्हीएलएला सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट (त्यांच्याकडची आपली माहिती मागणारा अर्ज) टाका. फुकट असते, साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. कंपनीच्या फाइलमध्ये परत आलेल्या पाकिटाची किंवा पत्ता-शोधाची नोंद निघाली तर अर्धं काम झालं. पण उत्तराची वाट बघत अर्ज लांबवू नका. आधी अर्ज, मग पुरवणी साक्षपत्र.

सदाशिव_लेस्टर

माझा साधा प्रश्न. ब्लू बॅज (अपंगांचा पार्किंग परवाना) काचेवर लावलेला असताना हा चार्ज मुळात लागूच कसा होतो? हेच एक वाक्य लिहून पाठवलं तर?

मीनल_ओटी

सदाशिवकाका, तेवढंच लिहिलं तर हराल. ब्लू बॅजची योजना काउन्सिलच्या रस्त्यांसाठी आणि काउन्सिलच्या पार्किंगसाठी आहे. खासगी जागेत बॅजला स्वतःचं कायदेशीर वजन नाही, मालकाने पाटीवर मान्य केलं तेवढंच. आणि उलटही खरं: बॅज नसला, किंवा उलटा पडला म्हणून चार्ज लागला, तरी अपंगत्वाचे हक्क संपत नाहीत, कारण ते बॅजवर नव्हे तर इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० वर उभे आहेत. कलम ६ ची व्याख्या बघा: शारीरिक किंवा मानसिक कमतरता, रोजच्या कामांवर ठळक परिणाम, आणि बारा महिने टिकलेली किंवा टिकेल अशी.

त्या कायद्यातला आपल्या कामाचा भाग म्हणजे कलम २० आणि २९, सेवा देणाऱ्याने वाजवी फेरबदल करण्याचं कर्तव्य. हे कर्तव्य आगाऊ आहे. ग्राहक यायच्या आधीच विचार करायचा असतो, त्यामुळे 'हे गृहस्थ अपंग आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं' हे उत्तर कलम २० ला चालत नाही. कलम १५ खाली मात्र चालतं, तिथे त्यांना माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं हे लागतं. बचावात दोन्ही टाका, भर २० वर ठेवा. कलम १४२ सुद्धा लिहा: करारातली जी अट कायद्याने मना केलेली वागणूक देते ती त्या मर्यादेत बजावता येत नाही.

पण कलमं लिहून भागत नाही, कारणाची साखळी दाखवावी लागते. अपंगत्वामुळे नेमकं काय झालं आणि त्यातून अट कशी मोडली? उदाहरण घ्या, दोन तासांची मर्यादा, १८ मिनिटं जास्त. साक्षपत्रात मिनिटं फोडून लिहा. डिकीतून व्हीलचेअर काढून जोडणं, सीटवरून खुर्चीत सरकणं, उतार कुठे आहे ते शोधत वळसा, दुकानातली एकच रुंद रांग, आणि परतताना तेच सगळं उलट्या क्रमाने. कॅमेरा आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजतो, गाडी उभी असलेला नाही. रांगेत आणि रुंद जागा शोधण्यात गेलेली मिनिटंही त्यात धरलेली असतात, हे लिहायला विसरू नका.

पैसे न भरल्याचा चार्ज असेल तर मशीन किती उंच, स्क्रीन बसल्या जागेवरून वाचता येते का, फक्त अ‍ॅपवरच पैसे घेतात का, पर्यायी फोन लागतो का. फोटोत एक मोजपट्टी धरा. जागा पुढे बदलली असेल तर स्ट्रीट व्ह्यूचे जुने फोटो तारखेसह चालतात.

सोबत पिपचं अवॉर्ड पत्र आणि जीपी किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचं अर्ध्या पानाचं पत्र. निदानाचं लॅटिन नाव नको, 'या व्यक्तीला चढ-उतार आणि हालचालीला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो' हे वाक्य हवं.

कलमबहाद्दर

मीनलताईंना पूर्ण अनुमोदन, पण एक गाठ इथे सोडवावी लागते. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट २०१२ च्या चौथ्या परिशिष्टाप्रमाणे कंपनीने मुदती पाळल्या तरच गाडीच्या कीपरकडून पैसे मागता येतात, नाहीतर फक्त चालकाकडून. आणि चालक कोण हे सांगायचं बंधन कीपरवर नाही. पण अपंग व्यक्तीच चालक होती आणि तिचीच मिनिटं आपण मोजतोय म्हटलं की चालक आपोआप उघड होतो.

म्हणून आधी नोटिशीच्या तारखा तपासा. काचेवर काही लावलं नसेल, नुसत्या कॅमेऱ्यावरून नोटीस असेल, तर पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत ती पोहोचली पाहिजे. पोस्टात टाकल्यानंतरचा दुसरा कामाचा दिवस पोहोचल्याचा धरतात. उदाहरण: १ मार्च २०२५, शनिवारी पार्किंग. शेवटचा दिवस १५ मार्च. नोटीस १३ मार्चला, गुरुवारी टाकली तर दुसरा कामाचा दिवस सोमवार १७ मार्च. उशीर झाला, कीपरची जबाबदारी संपली.

उशीर पक्का असेल तर हा मुद्दा पहिला आणि चालकाबद्दल मौन. नोटीस वेळेत असेल तर लपवाछपवी सोडा आणि इक्वॅलिटी अ‍ॅक्टवर सरळ या. दोन्ही डगरींवर पाय ठेवलेलं साक्षपत्र वाचवत नाही. आणि सत्यकथनाखाली सही असते, खोटं लिहिलं तर कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. चालक नव्हतो असं लिहायचं तर ते खरंच असलं पाहिजे.

कीपर म्हणून जबाबदारी लागलीच तरी ती नोटिशीतल्या रकमेपुरती. वरचे ७० पौंड तिथे बसत नाहीत, बचावात एक परिच्छेद त्यासाठी ठेवा. 'पार्किंग चार्ज म्हणजे बेकायदा दंड' हा जुना मंत्र मात्र म्हणू नका. पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या २०१५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात ८५ पौंडांचा चार्ज टिकला आहे.

हाउन्स्लोकर

आई-वडील भारतातून सहा महिने येतात. वडील वॉकर घेऊन चालतात, गाडी मी चालवतो. त्यांच्यामुळे उशीर झाला तर हे लागू?

मीनल_ओटी

अपंग व्यक्ती प्रवासी असली तरी ती त्या दुकानाची ग्राहकच आहे, आणि कलम १४२ मध्ये 'ती किंवा दुसरी व्यक्ती' असे शब्द आहेत. इथे कलमबहाद्दरांची गाठही सुटते, कारण प्रवाशाचं अपंगत्व सांगताना चालकाचं नाव सांगावं लागत नाही. भारतातल्या डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, तारीख आणि सहीसह आणून ठेवा.

टेम्सकाठी

आता प्रत्यक्ष एन२४४. संच असा: फॉर्म, साक्षपत्र, मसुदा बचाव, मसुदा आदेश, पुरावे क्रमांक घालून. मसुदा बचाव न जोडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. १३.३ मध्ये कोर्टाला 'बचावात दम आहे का' हेच बघायचं असतं, आणि तो कागदावर नसेल तर बघणार काय?

प्रश्न ३, कोणता आदेश हवा: 'अमुक तारखेचा डिफॉल्ट निकाल नियम १३.२, पर्यायी १३.३ खाली रद्द करावा, अर्जाची फी दावेदाराने द्यावी' एवढंच. कहाणी इथे नको. मसुदा आदेश जोडला आहे का, हो. सुनावणी हवी, वेळ ३० मिनिटं, डिस्ट्रिक्ट जज. पुरावा जोडलेल्या साक्षपत्रात.

प्रश्न ११ बहुतेक जण कोरा सोडतात. तुम्ही किंवा साक्षीदार असुरक्षित स्थितीत आहात का, असं तिथे विचारलं आहे. व्हीलचेअरसाठी तळमजला, मधे विश्रांती, फोन किंवा व्हिडिओवर सुनावणी, ऐकण्यासाठी लूप, जे हवं ते नेमकं लिहा. 'मी अपंग आहे' एवढंच लिहिलं तर कारकून त्याचं काय करणार?

अर्ज ज्या कोर्टाने निकाल दिला तिकडे जातो, पार्किंगच्या बाबतीत बहुधा नॉर्थॅम्प्टनचं सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटर. प्रतिवादी व्यक्ती असेल तर सुनावणी तिच्या घराजवळच्या कोर्टाकडे वळते.

अर्जाआधी दोन पत्रं टाकून बघा, सात दिवसांची मुदत देऊन. एक दावेदाराच्या वकिलाला, संमतीने निकाल रद्द करायला. संमतीच्या अर्जाची फी बरीच कमी असते; मे २०२४ च्या दरांत ती ११९ होती, ३०३ नव्हे. 'आधी पूर्ण पैसे भरा मग संमती' असं उत्तर आलं तर ते पत्र जपून ठेवा, खर्चाच्या वेळी दाखवता येतं. दुसरं पत्र जागेच्या मालकाला, म्हणजे सुपरमार्केटच्या मुख्य कार्यालयाला. एजंटच्या कृत्याला मालकही कलम १०९ खाली जबाबदार असतो, हे तिथे एका ओळीत आणि सभ्य शब्दांत लिहा. दुकानाच्या मॅनेजरशी काउंटरवर वाद घालून काही हाती लागत नाही.

सदाशिव_लेस्टर

निकाल रद्द झाला की प्रकरण संपलं ना?

कलमबहाद्दर

दावा जिवंत ठेवून १३.३ खाली रद्द झाला तर नाही संपलं. आदेशात बचावाची तारीख असते, बहुधा १४ दिवस. मग एन१८० प्रश्नावली, आणि २२ मे २०२४ नंतरच्या पैशाच्या दाव्यांत फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे, तासाभराची. तिथे शून्यावर ठाम राहिलात तरी चालतं, पण फोन उचला. त्यानंतर दावेदाराला २७ पौंडांची सुनावणी फी भरायची वेळ येते तेव्हा अनेकदा दावा मागे घेतल्याचं एन२७९ येतं.

भेदभावाची भरपाई मागणारा प्रतिदावा करायचा तर घटनेपासून सहा महिन्यांची मुदत असते, कोर्ट न्याय्य वाटलं तर वाढवतं. सीसीजे कळेपर्यंत ती बहुतेक वेळा गेलेली असते. मुदतवाढ मागताना उशीर का झाला ते लिहा, आणि प्रतिदाव्याची फी वेगळी पडते हेही धरून चाला. माझं मत: मुदत गेली असेल तर बचावावरच लक्ष ठेवा.

नीरजा_एमके

रद्द झाल्याचा शिक्का मारलेला आदेश हातात आला की साधारण महिन्याने रजिस्टर आणि एक्सपेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या तिन्हींचे अहवाल तपासा. नोंद कुठे दिसली तर त्या-त्या एजन्सीला आदेशाची प्रत पाठवून दुरुस्ती मागा. मॉर्गेज चालू असेल तर ब्रोकरला प्रत त्याच दिवशी द्या, अहवाल बदलायची वाट बघत बसू नका.